एकच पाटी

रविवार, २० जुलै २०२५

कमानिया गेटजवळच्या नेत्रतज्ज्ञाने काल उजव्या डोळ्याविषयीही तेच सांगितले, जे त्याने मागच्या वर्षी डाव्याविषयी सांगितले होते. मध्यभागी डाग पडतो आहे. कडेकडेने दिसत राहील. ज्याच्याकडे रोखून पाहावे तेवढेच दिसणार नाही. सांगताना त्याने 'धीरे-धीरे' हे शब्द इतक्या प्रेमाने उच्चारले की ती जणू औषधाची मात्राच असावी. म्हणून आजपासून ही दैनंदिनी जाड टोकाच्या पेनने लिहितो आहे. अक्षर मोठे झाले म्हणून वाक्य सैल होऊ देणार नाही.

संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस आलोक आले. गृहस्थ पन्नाशीचे आहेत आणि 'मी येऊन राहिलो' असे कोणतीही लाज न बाळगता म्हणतात. विषय संकष्टीच्या वेळांचा होता.

ही गोष्ट एकदा नीट नोंदवून ठेवतो. संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्र उगवल्यावर सोडतात. मराठी दिनदर्शिकांतून चंद्रोदयाची ठळक वेळ असते ती मुंबईची. जबलपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे येथे चंद्र जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या येथील मराठी माणसे मुंबईच्या चंद्रासाठी ताटकळत बसत असत. हा मूर्खपणा मी थांबवला. कार्यालयात संगणक विभाग माझ्याकडे होता, त्या काळात मी सी भाषेत चंद्रोदयाचे गणित लिहिले, आणि तेव्हापासून जबलपूरची वेळ मी देत आलो आहे. मी स्वतः उपवास करत नाही. चंद्र उगवला की नाही हा प्रश्न गणपतीचा नसून गणिताचा आहे. परंतु प्रत्येक संकष्टीला दिवेलागणीपासून आमचा फोन वाजू लागतो, आणि ढग असोत वा नसोत, मदन महलपासून घमापुरापर्यंतची मराठी घरे माझ्या शब्दावर पाने घेतात.

आलोक यांचे म्हणणे असे की आता सारे मोबाइलवर असावे. माझे डोळे असे झाल्यावर पुढे कोण वेळा काढणार, हेही त्यांनी विचारले. सौजन्य म्हणून आवाज मात्र खाली घेतला.

"नाही जमलं तर मुंबईचीच टाकत जाऊ नं, नाना," ते म्हणाले. "अर्ध्या तासानं कोण मरून राहिलं?"

मी त्यांना चहा न विचारता निरोप दिला. माझ्या पत्नीने, कुंदाने, तो नंतर फाटकापाशी नेऊन दिला असे कळते.

माझ्यामागे या गावाला स्वतःची वेळ राहील की नाही, एवढाच प्रश्न आहे. बाकी डोळे वगैरे तपशील आहेत.

मंगळवार, २२ जुलै

वेळा मोबाइलवर आणण्याचे काम ऋचाने अंगावर घेतले आहे. ऋचा ही अमेयची मुलगी, माझी नात. अमेय आणि सूनबाई इंदूरला असतात. ही आमच्याकडे माडीवर राहून कुठल्या तरी परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करते. मराठी तिला सगळे समजते, बोलता निम्मे येते, आणि त्या निम्म्याचेही निम्मे हिंदी असते.

ती ज्या संगणकभाषेत काम करते तिचे नाव हास्केल. आज जेवताना तिने त्या भाषेचे गुण मला सांगितले. पहिला गुण, ती शुद्ध आहे: तिच्यातील फलन (ही मंडळी 'फंक्शन' म्हणतात) जगाला हात लावत नाही; दिलेल्यावरून उत्तर काढते, बस्स. दुसरा गुण, ती आळशी आहे. हा शब्द माझा नव्हे. कोणी उत्तर प्रत्यक्ष वाचायला मागेपर्यंत ती काहीही करत नाही, आणि याला तेथे गुण समजतात.

मी विचारले, इतकी गुणी भाषा आहे तर चंद्रोदय तिनेच का काढू नये.

"काढेल ना, आजोबा. पण तुमचं इतक्या सालांपासून बरोबर आहे, तर पुन्हा काहून लिहायचं? बोलावून घेऊ. तुमचं सी, माझं हास्केल."

म्हणजे सोवळ्यातल्या माणसासारखे झाले. विहिरीवरून पाणी दुसऱ्याने आणायचे, चूल दुसऱ्याने सारवायची, आणि सोवळे मात्र यांचे. तसे मी बोललो. कुंदा म्हणाली, "अहो, पोरगी तुमचं काम करून राहिली, तुम्ही तिलाच काहून टोचता?" कुंदाचे माहेर नागपूरचे आहे. पन्नास वर्षांत मी तिचे 'काहून' घालवू शकलो नाही आणि आता नातीलाही ते लागले आहे.

शनिवार, २६ जुलै

दुसऱ्या भाषेतील फलन बोलावण्यासाठी हास्केलमध्ये जी ओळ लिहावी लागते, ती मी ऋचाच्या पडद्यावर डोळ्याच्या कडेने पाहिली. तिचा पहिलाच शब्द 'परकीय' अशा अर्थाचा आहे. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्याच गणिताला परकीय म्हणून आत घ्यायचे! मी आक्षेप नोंदवला. ती म्हणाली की हा नियम आहे, माझ्याविषयी काही नाही.

तिने मूळ लिखाण मागितले. ते मी दिले नाही. तयार झालेला, यंत्राच्या भाषेत बांधलेला संच तिला दिला, आणि कोणत्या फलनाला काय द्यावे आणि ते काय परत करील, एवढे सांगणारा एक कागद दिला. तेवढे पुरेसे असते. आलेल्या माणसाने पानावर बसावे. चुलीपर्यंत येऊ नये. आमच्या काळात लोक इतकेच देत आणि इतक्यावरच कामे होत.

मग तिने गंभीर चेहरा करून विचारले, "आजोबा, एक बात पक्की सांगा. तुमचं हे फंक्शन प्योर आहे नं? म्हणजे सेम प्रश्नाला सेम उत्तर, आणि मागे कुठे काही लिहून नाही ठेवत? कारण मी तसं लिहिलं की हास्केल त्यावर डोळे मिटून भरोसा करेल."

मी म्हणालो, "माझे फलन एका प्रश्नाला एकच उत्तर देते. चंद्र लहरी नाही आणि मीही नाही."

प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे लक्ष देण्याचे मला कारण दिसले नाही. चुलीशी डोकावण्याचाच तो एक प्रकार होता. तिने मान डोलावली आणि तशी ओळ लिहिली.

गुरुवार, ३१ जुलै

जबलपूरच्या मागील वर्षाच्या सर्व संकष्ट्या तिने तिच्या कार्यक्रमातून एकेक काढून मला वाचून दाखवल्या. सर्व बरोबर. बरोबर असणारच; काढल्या कोणी?

आलोक यांनी आनंदाने फोनवरून 'जबरदस्त' असे म्हटले.

शनिवार, ९ ऑगस्ट

येत्या मंगळवारी संकष्टी आहे, म्हणजे अंगारकी. जे एरवी वर्षभर उपवास करत नाहीत तेही त्या दिवशी करतात. मंडळाच्या सभागृहात आरती आहे आणि त्याच वेळी ॲप सर्वांना उघडे होणार आहे. बहुतेकांच्या मोबाइलवर ते आजच बसवूनही झाले.

मी दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, वेळेच्या खाली 'गणित: गुणवंत' असे माझे नाव स्पष्ट असावे. दोन, जबलपूर, कटनी, मंडला या गावांच्या शेवटी मुंबईचीही वेळ असावी, म्हणजे दिनदर्शिकेवर विसंबणाऱ्यांना आपले अज्ञान शेजारीशेजारी पाहता येईल. ऋचा म्हणाली की आतापर्यंत तिने एकेकच गाव तपासले आहे, चार गावे एकदम मागायची तर थोडे थांबू, अंगारकीनंतर घालू. तपासण्यासारखे त्यात काही नाही, असे मी सांगितले. जे फलन एका गावाला चुकत नाही ते चार गावांना का चुकेल? आज संध्याकाळी मुंबई घातली.

बुधवार, १३ ऑगस्ट

काल जे झाले ते क्रमाने लिहितो.

दिवसभर आभाळ गच्च होते. चंद्र दिसण्याची आशा नव्हती. म्हणजे सारा भार वेळेवरच होता. सभागृह भरले होते. मला पुढच्या रांगेत बसवले आणि शाल दिली, जी घ्यायला नको होती; ऑगस्टमध्ये शाल देण्यामागील विचार मला कधीच कळलेला नाही. साडेआठच्या सुमारास आलोक ध्वनिक्षेपकावर गेले, मोबाइल वर धरला, आणि म्हणाले की आता वेळ विचारायला नानांच्या घरी फोन करायची गरज नाही, चंद्रोदय सव्वानऊला आहे, तोवर भजन होईल.

सव्वानऊ ही मुंबईची वेळ होती. जबलपूरची वेळ पावणेनऊच्या आसपास असायला हवी, हे मला सांगायला यंत्र लागत नाही. मी उभा राहून मोठ्याने म्हणालो की ही वेळ चुकीची आहे.

आलोक यांनी ध्वनिक्षेपक तोंडापासून दूर न करताच उत्तर दिले, "नाना, ॲप तर तुमचंच आहे."

लोक हसले. दुष्टपणे हसले असे नाही, पण हसले.

ऋचा मागच्या दारापाशी उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. रोखून पाहिले की मला आता चेहरे दिसत नाहीत. ती पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की चारही गावांची वेळ एकच दिसते आहे, मुंबईची. मग ती पायरीवर बसून काहीतरी करत राहिली. सभागृहातल्यांना मी पावणेनऊला आरती करायला लावली. परंतु जे घरी होते, त्यांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये मुंबई होती. ऋचाने ॲप मागे घेऊन सर्वांना सूचना पाठवेपर्यंत नऊ वाजून गेले होते. घरी परतल्यावर कुंदाने सांगितले की फोन सारखा वाजत होता. 'नानांची वेळही शेवटी मुंबईचीच निघाली का', असे दोघांनी तरी विचारले.

आज सकाळी कळले की घमापुरातल्या शकुताई काल रात्री स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. त्यांना मधुमेह आहे. निर्जळी उपवास होता. सलाइन लावून घरी आणले आहे.

आळशी भाषेचे हे फळ आहे. दुसरे काहीही नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

ऋचा दोन दिवस नीट जेवली नाही असे कुंदा म्हणते. मला त्याचे वाईट वाटले. पण न जेवल्याने चूक दुरुस्त होत नाही.

आज दुपारी ती माझ्या खोलीत आली. मूळ लिखाण हाती नसताना तिने केवळ प्रश्न उलटसुलट विचारून माझ्या फलनाची पद्धत शोधून काढली होती, आणि ती मला समजावून सांगू लागली. मलाच.

"आजोबा, तुमचं फंक्शन उत्तर नाही देत. उत्तर कुठे लिहिलंय, ते सांगतं. आणि दर वेळी एकाच जागी लिहितं."

अर्थातच एकाच जागी लिहिते. पाटी एकच आहे. फलन चंद्रोदय काढते, पाटीवर लिहिते, आणि पाटी कोठे आहे ते विचारणाऱ्याला सांगते. विचारणाऱ्याने ती तत्काळ वाचावी, आपल्याकडे उतरवून घ्यावी, आणि मग पुढचा प्रश्न विचारावा, कारण पुढच्या उत्तरासाठी पाटी पुसली जाणार. त्या काळी स्मृती महाग होती आणि शिष्टाचार स्वस्त. ही रीत सर्वांना ठाऊक असे. तिच्या भाषेने काय केले? जबलपूर विचारले, वाचले नाही. कटनी विचारले, वाचले नाही. मंडला विचारले, वाचले नाही. मुंबई विचारले. मग सावकाश, कोणाला तरी गरज पडली तेव्हा, चारही उत्तरे वाचायला गेली, आणि चारही वेळा त्याच पाटीवर मुंबई सापडली. यात माझे फलन कोठे चुकले? त्याने चारही वेळा बरोबर लिहिले.

हे मी तिला याच शब्दांत सांगितले.

ती म्हणाली, "पण हास्केलला मी सांगितलं होतं की हे कुठे काही लिहीत नाही. म्हणून ते निवांत राहिलं. ते तुमच्या भरोशावर आळशी होतं."

"शिष्टाचार सांगावा लागत नाही."

"मी विचारलं होतं, आजोबा."

तिने विचारले होते, हे खरे आहे. परंतु तो प्रश्न ज्या घाईने, ज्या शब्दांत, 'प्योर' वगैरे घालून विचारला गेला, त्याला तेवढेच उत्तर मिळणार. प्रश्नकर्त्यालाही काही कर्तव्ये असतात.

मग ती म्हणाली की एक तर मूळ लिखाण द्या, नाही तर ती माझे फलन ॲपमधून काढून टाकील आणि सगळे नव्याने लिहील. "ज्याच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही, त्यावर मी पुन्हा लोकांना उपाशी नाही बसवणार." हे वाक्य तिने शुद्ध मराठीत म्हटले. संतापल्यावर तिला मराठी येते, ही माहिती नवी आहे.

लिही म्हणालो. चंद्र काही तिच्या भाषेची वाट पाहत थांबलेला नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

कुंदाच्या आग्रहामुळे शकुताईंना भेटायला घमापुरात गेलो. ऑटोवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडले. आत भाजीच्या गाड्यांमधून चालताना कुंदाने माझे कोपर धरले होते, ज्याची आवश्यकता नव्हती, पण गर्दीत तमाशा नको म्हणून मी सोडवले नाही.

शकुताई मूळच्या अमरावतीकडच्या. पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांची सून अमिता मला पाहताच बोलू लागली. नऊ वाजता तिने सासूबाईंना सांगितले होते की टीव्हीवर चंद्र निघाला म्हणून राहिले, काहीतरी खाऊन घ्या, गोळीची वेळ टळून राहिली. सासूबाईंनी ऐकले नाही.

"मी काय मोबाइलवर भरोसा करून बसली होती का?" शकुताई मला म्हणाल्या. "त्याच्यावर तुमचं नाव होतं, गुणवंतराव. अमिताला दोनदा वाचायला लावलं. म्हटलं, ते म्हणतात तर तसंच असन."

मी त्यांना कारण समजावून सांगितले. पाटीचा दृष्टान्त दिला, चार गावे सांगितली, आळशी वाचनाचा दोष स्पष्ट केला. शिकवण्याची हातोटी माझ्याकडे आहे, आणि त्यांनी सर्व नीट ऐकून घेतले. लसणाची साल बाजूला टाकत त्यांनी विचारले, "म्हणजे तुमची वेळ बरोबर होती?"

"अगदी बरोबर. पावणेनऊ."

"मग ती माझ्यापर्यंत आणायचं काम कोणाचं होतं?"

हा प्रश्न मी ऑटोत बसल्यावर पुन्हा तपासून पाहिला. कर्ता, कर्म, क्रियापद, सर्व आपापल्या जागी होते. त्यात मोडण्यासारखे मला काही सापडले नाही.

त्यांनी आम्हांला पोहे खाऊ घातले. निघताना कुंदाला म्हणाल्या की पुढच्या वेळी आपण मुंबईच्याच वेळेला सोडू, निदान सगळे एकदम चुकू.

रविवार, १७ ऑगस्ट

मूळ लिखाण ऋचाला दाखवले.

पडद्यावरची अक्षरे आता मला वाचता येत नाहीत, म्हणून ती वाचत होती आणि मी ऐकत होतो. आपण लिहिलेले दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे हा विलक्षण कंटाळवाणा प्रकार आहे. प्रत्येक चलाला मी मराठी नाव दिले होते, रोमन अक्षरांत. तिने 'कोनांतर'चे 'कोनंतर' केले, 'लंबन'चे 'लांबन' केले. मी प्रत्येक वेळी थांबवले. ती प्रत्येक वेळी पुन्हा वाचत होती. मध्येच एके ठिकाणी ती मागे जाऊन त्याच ओळी पुन्हा वाचू लागली. काय झाले विचारले, तर म्हणाली की चंद्राच्या उंचीतून हवेमुळे किरणांना येणारा वाक इतक्या थोड्या ओळींत कोणी काढलेला तिने कुठे पाहिला नाही.

"त्या काळी जागा नव्हती," मी म्हणालो. कौतुकावर बोलत बसण्याची मला सवय नाही.

पुढे पाटीची ओळ आली. आणि तिच्या शेजारी दुसरी, जी माझ्या मनात स्पष्ट नव्हती: गावही तेथेच, एकाच जागी लिहून ठेवलेले. म्हणजे कोणत्या गावासाठी विचारले तेही फलन बाहेरच्या एका कोपऱ्यात ठेवत होते. ऋचाने ती ओळ पुन्हा एकदा, सावकाश वाचली. तिचे ते वाचणे मला बोलण्यापेक्षा अधिक आगाऊ वाटले.

मी ठरवले की ही सूट आता बंद करावी. नवा नियम तिला सांगून लिहून घेतला. यापुढे माझ्या फलनाकडे येणाऱ्याने आपली पाटी स्वतः घेऊन यावे. ती किती लांब आहे तेही सांगावे. गाव प्रश्नातच सांगावे. फलन कोणासाठीही काही लक्षात ठेवणार नाही. उत्तर त्याच्या पाटीवर लिहिले जाईल, पाटी त्याच्याबरोबर परत जाईल, आणि मग ती त्याने आज वाचावी, उद्या वाचावी, की आळसाने पुढच्या संकष्टीला वाचावी, हा त्याचा प्रश्न. आळशी लोक गावात आले की भांडी बाहेर ठेवू नयेत, एवढाच यातला धडा आहे.

ती भराभर टंकत होती आणि मधूनमधून हसत होती. ते मला अनावश्यक वाटले. शेवटी म्हणाली, "आजोबा, आता तुमचं फंक्शन खरंच प्योर म्हणता येईल." हे प्रमाणपत्र मी मागितलेले नव्हते.

कुंदाने दोघांना एकाच ताटात थालीपीठ आणून दिले, जणू आम्ही शाळकरी होतो.

रविवार, ३१ ऑगस्ट

घरी गणपती असल्यामुळे बरेच दिवस लिहिले नाही. या काळात ऋचाने चार गावांची चाळीस केली आणि त्यांना वाटेल त्या क्रमाने, उलटे, सरमिसळ, एकाच वेळी, असे हजारो वेळा विचारले. तिचे म्हणणे असे की आता पाहुणे कसेही बसले तरी प्रत्येकाचे पान प्रत्येकाला मिळते. उपमा माझीच आहे, आणि तिने ती बिघडवली आहे.

आलोक येऊन गेले. मंडळात दोन मते आहेत म्हणाले. एक मत असे की आपले ॲप पुन्हा नको, मुंबईची वेळ घ्यावी, कटकट नाही. दुसरे मत त्यांनी सांगितले नाही, तेव्हा ते बहुधा नसावे. ऋचाने त्यांच्यासमोर ॲप उघडून एकेक गाव दाखवले आणि हिंदीत, मराठीत, आणि दोहोंच्या मधल्या कुठल्याशा बोलीत त्यांच्याशी पाऊण तास भांडली. अखेरीस ते म्हणाले, "चलो, एक बार और. पण या वेळी नाव कोणाचं टाकायचं, नाना?"

मी म्हणालो की माझेच असू द्या. शिव्या द्यायला लोकांना पत्ता ठाऊक असलेला बरा.

ऋचा म्हणाली, तिचेही हवे. मी म्हणालो की तिने अजून इतकी वर्षे बरोबर वेळ दिलेली नाही. ती म्हणाली, "मग सुरुवात कधी करू?" आलोक पुन्हा हसले. त्या माणसाला हसण्याची जागा कळत नाही.

दोन्ही नावे आहेत.

बुधवार, १० सप्टेंबर

आज संकष्टी. आभाळ पुन्हा झाकलेले.

दुपारीच मी मनाशी हिशेब करून वेळ काढली. पूर्वी दिवाणखान्यात फोनजवळची खुर्ची मी दिवेलागणीपासून धरत असे, आजही धरली. सात वाजले. साडेसात झाले. कुंदा आतून विचारून गेली की कोणाचा फोन आला का. नाही म्हणालो. घमापुरातून तरी येईल असे वाटले होते. शकुताईंनी मोबाइलवर पुन्हा कधी विश्वास ठेवू नये, एवढी कारणे त्यांच्याजवळ होती.

आठला थोडा वेळ उरला असताना मी कुंदाचा मोबाइल मागून घेतला आणि शकुताईंना स्वतःच फोन केला. अमिताने उचलला. सासूबाई पाने मांडून राहिल्या म्हणाली. वेळ कळली का, असे मी विचारले. "हो नं, काका, दुपारीच पाहिली. आईंनी या वेळेस मलाच वाचायला नाही लावली, स्वतः चष्मा लावून पाहिली. दोन नावं आहेत म्हणत होत्या, म्हणजे एक चुकलं तर दुसरं पकडन."

मी बरे म्हणून ठेवून दिला.

तरीही आमचा फोन गप्पच होता. इतकी वर्षे जो फोन संकष्टीला मला जेवू देत नसे, तो गप्प का, याचे एक सरळ कारण असू शकत होते: पावसाने तार गेलेली असावी. मदन महलच्या आमच्या भागात असे होते. खात्री करावी म्हणून मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो आणि तेथून घरचाच क्रमांक लावला.

खाली फोन वाजला. तार शाबूत होती. मी तोडणार तोच कोणीतरी उचलला.

"नमस्कार," ऋचाचा आवाज आला. ती धावत आली असावी. दम लागला होता. कोण बोलत आहे हे तिने विचारले नाही. संकष्टीच्या संध्याकाळी या क्रमांकावर लोक का फोन करतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. "जबलपूरचा चंद्रोदय आठ वाजून पाच मिनिटांनी आहे. ढग आहेत, पण वेळ पक्की आहे. जेवून घ्या."

मी काही बोललो नाही. ती थोडी थांबली, आणि ऐकणाऱ्याला कमी ऐकू येत असावे असे समजून तिने सर्व पुन्हा एकदा, सावकाश सांगितले.

'जबलपूरचा'मधला 'च' तिला अजून नीट म्हणता येत नाही. वेळ बरोबर होती.